डिचोलीचे न झालेले युद्ध

गोमंतकाच्या उत्तर व ईशान्य सीमेवरील पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल इतिहासाच्या अभ्यासकाला अपरिचित नाहीत. पोर्तुगीज अमलाच्या परिभाषेत ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रदेश तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या ‘जुन्या काबिजादीं’च्या मानाने फार उशिरा, म्हणजे अठराव्या शतकात, पोर्तुगिजांच्या हाती गेला. तत्पूर्वी विजापूरचे आदिलशहा, मराठ्यांचे छत्रपती आणि सावंतवाडीकर सावंत अशा अनेक सत्तांचे पाय या भूमीला लागले. सरहद्दीच्या मुलखाच्या वाट्याला जे येते ते सारे तिच्या वाट्याला आले : स्वाऱ्या झाल्या, तह झाले, देसाई परागंदा झाले, देवांना नवी ठाणी शोधावी लागली. त्यामुळे ‘डिचोलीचे युद्ध’ असा मथळा कोणी वाचला, तर त्यात अशक्य असे काही आहे अशी शंका सहसा येणार नाही. एका अज्ञात लेखकाने नेमका याचाच लाभ घेतला आणि जगातील सर्वांत मोठ्या ज्ञानकोशात एक कधीही न झालेले युद्ध साडेपाच वर्षे जिवंत ठेवले.

हा ज्ञानकोश म्हणजे विकिपीडिया. २००१ च्या जानेवारीत सुरू झालेल्या या उपक्रमाचे तत्त्व असे की, कोणीही वाचक कोणत्याही लेखात भर घालू शकतो, चूक दुरुस्त करू शकतो, नवा लेखही लिहू शकतो. लेखकाचे नाव, पदवी, अधिकार यांची चौकशी होत नाही. विधानाला आधार द्यावा, एवढीच अपेक्षा असते. जुलै २००७ मध्ये त्याच्या इंग्रजी आवृत्तीत डिचोलीच्या संघर्षाविषयी एक लेख दाखल झाला. १६४० ते १६४१ या काळात गोव्याचे पोर्तुगीज राज्यकर्ते आणि मराठा साम्राज्य यांच्यात अघोषित युद्ध झाले व त्याचा शेवट तहात झाला, असा त्याचा आशय होता. लेख सुमारे साडेचार हजार शब्दांचा होता. भाषा संयत होती, मांडणी पद्धतशीर होती आणि जागोजागी ग्रंथांची नावे देणाऱ्या टिपा होत्या. दोनच महिन्यांनी, सप्टेंबर २००७ मध्ये, या लेखाला ‘चांगला लेख’ ही श्रेणी मिळाली. इंग्रजी आवृत्तीतील शंभरांतील एका लेखालाही न लाभणारा असा तो मान. ऑक्टोबरमध्ये त्याहून वरच्या श्रेणीसाठी त्याचे नाव सुचविण्यात आले. तो प्रयत्न फसला, परंतु आधी मिळालेला मान कायम राहिला. पुढे डिसेंबर २०१२ मध्ये लेख काढून टाकण्यात आला, कारण असे युद्ध झालेच नव्हते.

या लेखाचा खोटेपणा ओळखण्यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज होती असे नाही. ज्या काळात मराठा साम्राज्य पोर्तुगिजांशी लढले असे लेखात म्हटले होते, त्या काळात असे साम्राज्य अस्तित्वातच नव्हते. १६३६ मध्ये निजामशाही संपली. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत शिरले आणि कर्नाटकाच्या स्वाऱ्यांवर गेले. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीविषयी महाराष्ट्रात दीर्घकाळ वाद झाला. परंतु १६३० हे वर्ष धरले तरी १६४० मध्ये ते दहा वर्षांचे होते, आणि बखरींवर आधारलेले १६२७ हे वर्ष धरले तरी तेरा वर्षांचे. राज्याभिषेक १६७४ चा. तेव्हा १६४० मध्ये पोर्तुगिजांशी युद्ध पुकारणारी मराठ्यांची सत्ता शोधावी तरी कोठे? खुद्द डिचोली त्या वेळी आदिलशाहीच्या मुलखात मोडत होती.

पोर्तुगीज बाजूनेही हेच दिसते. १६३६ पासून डच आरमार गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी करीत होते. १६४१ च्या जानेवारीत मलाक्का डचांनी जिंकून घेतले. तिकडे युरोपात १ डिसेंबर १६४० रोजी पोर्तुगालने स्पेनच्या राजाची सत्ता झुगारली आणि चौथा जुआंव गादीवर आला. ही वार्ता गोव्यास पोहोचेपर्यंत पुढील वर्षाचा पावसाळा उलटत आला होता. अशा ओढगस्तीत असलेल्या सरकारने डिचोलीच्या डोंगरात आणखी एक युद्ध चालविले असते, तर त्याचा उल्लेख गोवा आणि लिस्बन यांच्यातील पत्रव्यवहारात पदोपदी आला असता. हा पत्रव्यवहार नष्ट झालेला नाही. गोव्याच्या दप्तरखान्याची स्थापना १५९५ ची. इतिहासकार दियोगु दु कोउतु हा त्याचा पहिला दप्तरदार. पावसाळी वाऱ्यांच्या हिशेबाने दरसाल ये-जा करणाऱ्या जहाजांच्या टपालाची बाडे तेथे जपलेली आहेत. कल्पित लेखाचा कर्ता या बाडांच्या वाटेला गेला नाही. आणि लेखाला मान देणाऱ्यांनाही त्या वाटेने जावेसे वाटले नाही.

विशेष असे की, खऱ्या घटनांची डिचोली-पेडण्यास कधीच वाण नव्हती. शिवाजी महाराजांनी दक्षिण कोकण हाताखाली घातल्यावर कुडाळ, पेडणे, डिचोली या बाजूचे काही देसाई पोर्तुगीज हद्दीत आश्रयास गेले आणि तेथून मराठी मुलखाला उपद्रव देऊ लागले. या कारणावरून नोव्हेंबर १६६७ मध्ये महाराजांची फौज बारदेशात उतरली, आणि डिसेंबरमध्ये तह झाला. पुढच्याच वर्षी, शके १५९० मध्ये, डिचोली महालातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयाचे काम महाराजांच्या आज्ञेने सुरू झाले. कदंबांचे हे आराध्यदैवत. दिवाडी बेटावरील त्याचे मूळ स्थान पोर्तुगिजांनी उद्ध्वस्त केल्यावर देवाला नदीपलीकडे आणावे लागले होते. देवालयाच्या प्रारंभाची तिथी सांगणारा शिलालेख दारावर आजही वाचता येतो. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १६८३ मध्ये, फोंड्याचा वेढा आणि जुवे बेटावरील हल्ला यांमुळे गोवे शहरच धोक्यात आले. त्याच सुमारास औरंगजेबाविरुद्ध बंड करून मराठ्यांच्या आश्रयास आलेला शहाजादा अकबर डिचोलीत राहिला होता. १६८४ च्या आरंभी त्याचा भाऊ शाहआलम मोगली फौज घेऊन आला आणि डिचोलीची नासधूस झाली. अठराव्या शतकात, १७४६ मध्ये, पोर्तुगीज व्हिसेरेईने पेडण्यातील हळर्णचा किल्ला घेतला, आणि त्या किल्ल्याच्या नावाने त्याला आलोर्नाचा मार्क्विस ही पदवी मिळाली. डिचोली व सत्तरी १७८१-८२ मध्ये पोर्तुगिजांकडे गेल्या आणि १७८८ मध्ये सावंतांशी झालेल्या तहाने पेडणे त्यांच्या पदरी पडले.

एवढा भरगच्च इतिहास ज्या भूमीला आहे, तिच्या नावावर परक्या कल्पनेतील एक युद्ध चढावे आणि तेच जगाने वाचावे, ही केवळ गमतीची गोष्ट नव्हे. त्या साडेपाच वर्षांत ज्या परदेशस्थ वाचकाने ‘बिचोलिम’ हे नाव प्रथमच शोधले असेल, त्याच्या पुढ्यात सप्तकोटेश्वराचा शिलालेख येण्याऐवजी हे युद्ध येण्याची शक्यता होती. पिढ्यान्‌पिढ्या परक्या सत्तेच्या कागदांतून आपला इतिहास वेचून काढावा लागलेल्या गोमंतकीयांना या हानीचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

मग हा लेख तपासणीतून पार कसा पडला? ‘चांगला लेख’ ठरविताना परीक्षक पाहतो ते भाषेचा दर्जा, मांडणीचा समतोल आणि टिपांची उपस्थिती. या तिन्ही कसोट्यांना लेख उतरला. टिपेत सांगितलेला ग्रंथ हाती घेऊन ते पान उघडण्याचे काम मात्र झाले नाही. टीप असणे आणि टिपेत पुरावा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इतिहास-संशोधनातील प्राथमिक सूत्र येथे विसरले गेले. लेखकाने खोट्या मजकुराला पुराव्याचा वेष चढविला होता, आणि परीक्षण वेषाचेच झाले.

दुसरे कारण विषयाच्या आडवळणीपणात होते. याच ज्ञानकोशात २००५ मध्ये जॉन सायगेनथेलर या अमेरिकेतील ज्येष्ठ संपादकांच्या चरित्रात कोणीतरी बदनामीकारक खोटा मजकूर घातला होता. तो काही महिने तसाच राहिला. पण सायगेनथेलर हयात होते, त्यांच्या लेखणीला वजन होते, त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली आणि जगभर चर्चा झाली. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने नवा लेख लिहिण्यासाठी सदस्यनोंदणी आवश्यक केली. डिचोलीचा लेख या सुधारणेनंतरचा आहे. त्याच्या लेखकाने टोपणनावाने नोंदणी केली आणि नियम पाळूनच खोटे लिहिले. सायगेनथेलर यांना आपल्या वतीने बोलता आले. सतराव्या शतकातील डिचोलीच्या वतीने तिच्या इतिहासाच्या जाणकारांनीच बोलायला हवे होते, आणि त्या जाणकारांचा व त्या पानाचा संबंध आला नाही.

खोटेपणा उघडकीस आला तो ज्या रीतीने, ती रीत ग्रंथालयाच्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. २०१२ च्या अखेरीस विकिपीडियाच्याच एका जागरूक सदस्याने लेखातील टिपांचा माग काढला. त्याचा प्रश्न एवढाच होता की, हे ग्रंथ आहेत कोठे? लेखाचा डोलारा ज्यांवर उभा होता, त्या ग्रंथांचा पत्ता लागेना. लेखाविषयी रीतसर चर्चा झाली आणि तो वगळण्यात आला. त्याला ना दप्तरखाना धुंडाळावा लागला, ना सतराव्या शतकाचा व्यासंग करावा लागला. ग्रंथपाल देवघेवीच्या खिडकीवर दररोज जो प्रश्न विचारतो, तोच त्याने विचारला : ग्रंथाचे नाव काय, लेखक कोण, प्रकाशन कोणाचे, प्रत कोठे मिळेल? हा प्रश्न २००७ मध्येच कोणी विचारला असता, तर डिचोलीचे युद्ध आठवडाभरही चालले नसते.

यावरून मुक्त ज्ञानकोश टाकाऊ आणि छापील ग्रंथ तेवढा विश्वसनीय, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. छापील अक्षराविषयीचा आदर हा ग्रंथप्रेमी माणसाचा गुण खरा, पण तो कधी कधी डोळ्यांवर पट्टी बांधतो. मराठ्यांचा इतिहास दीर्घकाळ बखरींच्या आधारे लिहिला गेला. घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, ऐकीव माहितीवर, धन्याच्या संतोषार्थ लिहिलेल्या अनेक बखरींत तिथी चुकल्या, माणसांची अदलाबदल झाली, आणि छापखान्यात गेल्यावर त्या चुकांना प्रतिष्ठा लाभली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी अस्सल पत्रांशी ताडून बखरींतील दोष दाखविले, तेव्हा अनेकांच्या श्रद्धांना धक्का बसला. शिवजन्माचे १६२७ हे वर्ष कित्येक पुस्तकांत छापलेले होते. जेधे शकावलीसारखे साधन पुढे आल्यावर त्याचा फेरविचार सुरू झाला, आणि १६३० हे वर्ष सर्वमान्य होण्यास कित्येक दशके गेली. त्या मानाने साडेपाच वर्षे हा काळ फार मोठा नव्हे.

जाणकारांनी केलेली एक तुलनाही येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. २००५ च्या डिसेंबरात ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकाने विकिपीडिया आणि एनसायक्लोपीडिया ब्रिटानिका यांतील विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात लहानमोठ्या १६२ चुका आढळल्या, तर ब्रिटानिकात १२३. ब्रिटानिकाच्या संपादकांनी या तपासणीच्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतले, नियतकालिकाने ते मान्य केले नाहीत, आणि वाद तसाच राहिला. तरीही दोन गोष्टी त्यातून दिसतात. मुक्त ज्ञानकोश समजतात तेवढा बेभरवशाचा नाही आणि मान्यवर ज्ञानकोश समजतात तेवढा निर्दोष नाही. मात्र तपासलेले विषय विज्ञानातील होते, आणि त्यांचे जाणकार जगभर विखुरलेले आहेत. गुरुत्वाकर्षणाच्या पानावर कोणी भलतेच लिहिले, तर ते पाहणारे डोळे हजारो असतात. डिचोली महालाच्या पानावर ते किती असणार? एकाच ज्ञानकोशाची विश्वसनीयता पानापानाला बदलते. ज्या पानावर जाणत्यांची वर्दळ असते ते पान शाबूत राहते, आणि ज्या पानाकडे कोणी फिरकत नाही तेथे वाटेल त्याने तळ ठोकावा.

मराठीत ज्ञानकोशाची परंपरा थोर आहे. श्री. व्यं. केतकरांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतच महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्धीस नेले. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश आकारास आला. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड सिद्ध करणारे पं. महादेवशास्त्री जोशी हे तर सत्तरीतील आंबेड्याचे. या कोशांत चुका नाहीत असे त्यांच्या संपादकांनीही म्हटले नसते. पण प्रत्येक खंडामागे एक नाव होते, आणि चुकीचा जाब त्या नावाला विचारता येत होता. मुक्त ज्ञानकोशात टोपणनावाआडच्या माणसाला जाब विचारता येत नाही. विचारायचा तो त्याच्या टिपांनाच.

टिपांना जाब कसा विचारावा, याचा वस्तुपाठही याच परिसरातील आहे. सत्तरीतील पिसुर्ले गावी १८९४ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरखान्यात उभे आयुष्य वेचले. पोर्तुगीज राज्यमंडळाच्या बैठकींचे वृत्तान्त त्यांनी खंडशः संपादून छापले, आणि १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ मराठी वाचकांच्या हाती दिला. पोर्तुगिजांच्या कागदांतूनच मराठ्यांचा इतिहास उलगडणारा हा ग्रंथ. डिचोलीच्या कल्पित युद्धाविषयी ज्याला शंका आली असती, त्याने एवढा एक ग्रंथ चाळला असता तरी त्याची शंका दृढ झाली असती. हा ग्रंथ काही दुर्गम दप्तरखान्यात कुलूपबंद नव्हता. गोमंतकातील आणि महाराष्ट्रातील जुन्या ग्रंथालयांत त्याच्या प्रती होत्या. न्यून होते ते असे की, पडद्यावर दिसणारे वाक्य आणि कपाटातील ग्रंथ यांच्यात ये-जा करणारा वाचक त्या पानाला लाभला नाही.

मुक्त ज्ञानकोशाच्या पदरात एक गुण असा आहे की, जो छापील ग्रंथाला दुर्लभ आहे. प्रत्येक पानाचा पूर्वेतिहास तेथे जतन होतो. कोणते वाक्य केव्हा आले, कोणी बदलले, कोणत्या मुद्द्यावर वाद झाला, हे वाचकाला पाहता येते. छापील खंडातील चूक सुधारायला दुसरी आवृत्ती निघावी लागते, आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती कपाटांत तशाच राहतात. डिचोलीचा लेखही विकिपीडियाने लपविला नाही. उघडकीस आलेल्या लबाड्यांची एक यादी तेथे ठेवलेली आहे आणि तीत डिचोलीच्या युद्धाची नोंद आहे. आपली फसवणूक आपणच नोंदवून ठेवणे, हा प्रामाणिकपणा होय. दुसऱ्या बाजूने विद्वानांचे कामही या मुक्त भांडारात जाऊ शकते. गोवा विद्यापीठाने सिद्ध केलेला कोकणी विश्वकोश २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला करण्यात आला.

आता तर काळ आणखी पुढे गेला आहे. यंत्राला प्रश्न विचारावा आणि त्याने क्षणार्धात सफाईदार उत्तर द्यावे, अशी सोय झाली आहे. ही यंत्रे ज्या मजकुरावर घडविली जातात, त्यात मुक्त ज्ञानकोशांचा वाटा मोठा आहे. अशा उत्तरात पुष्कळदा टीपही नसते. डिचोलीच्या लेखाला निदान खोट्या टिपा होत्या, म्हणून त्या पकडता आल्या. जेथे टीपच नाही तेथे माग काढायचा कशाचा? म्हणूनच आधार मागण्याची सवय पूर्वीपेक्षा आज अधिक आवश्यक झाली आहे. मूळ नाही असे काही लिहिणार नाही, ही टीकाकार मल्लिनाथाची प्रतिज्ञा लेखकांसाठी होती. वाचकालाही आता एक प्रतिज्ञा करावी लागेल : मूळ विचारल्यावाचून काही स्वीकारणार नाही.

शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी आपल्या गावाचा इतिहास लिहायला घेतात, तेव्हा प्रथम पडदाच उघडतात. त्यात वावगे काही नाही. मुक्त ज्ञानकोश हा प्रवासाचा आरंभ म्हणून उत्तम आहे. मुक्काम म्हणून नव्हे. लेखाखालची टीप वाचावी, त्यातील ग्रंथ मागावा, तो हाती आला तर पान पडताळावे, आणि न आला तर तेवढ्यापुरते विधान बाजूला ठेवावे. पडताळणीत चूक आढळली, तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार त्याच पानावर प्रत्येकाला आहे. पेडण्याच्या देसायांविषयी, हळर्णच्या किल्ल्याविषयी, नार्व्याच्या शिलालेखाविषयी ग्रंथ वाचलेल्या माणसांनी तो अधिकार वापरला नाही, तर त्यांची जागा न वाचलेली माणसे घेतील. डिचोलीच्या प्रकरणात तसेच घडले.

शंभर वर्षांच्या ग्रंथालयाजवळ संगणकाचा वेग नसतो. त्याच्याजवळ एक दाखलनोंदवही असते. तीत प्रत्येक ग्रंथाचा क्रमांक, कर्ता, प्रकाशक आणि वर्ष शाईने नोंदलेले असते, आणि नोंद आहे म्हणजे ग्रंथ आहे, असे खात्रीने सांगता येते. डिचोलीच्या युद्धाच्या टिपांतील ग्रंथ एखाद्या सभासदाने मागणीच्या चिठ्ठीवर लिहून दिले असते, तर ग्रंथपालाने नोंदवही चाळली असती, यादी पाहिली असती, दुसऱ्या ग्रंथालयाकडे चौकशी केली असती, आणि शेवटी चिठ्ठी परत करीत सांगितले असते की, असा ग्रंथ कोठेही आढळत नाही. तेवढ्याने ते युद्ध संपले असते.